बाडातील खेळ : दिल्लीच्या बाजारातील कन्सोल-खेळांचा एक विस्मृत संग्रह

१.

मराठी हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ‘बाड’ हा शब्द परका नाही. एकाच्या हातून किंवा अनेकांच्या हातांतून उतरत गेलेली, मालकाच्या गरजेनुसार वाढत गेलेली ही वही. तिच्यात अभंगाशेजारी औषधाचा पाठ असतो, आरतीखाली हिशेब असतो, पुष्कळदा कर्त्याचे नाव गळालेले असते, आणि एकच पद थोड्याफार फरकाने दोनदा आलेले असते. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी अशी बाडे गावोगाव फिरून जमवली, म्हणून रामदासी वाङ्मयाचा मोठा भाग आपल्या हाती लागला. ती जमवली जात असताना बहुतेकांच्या लेखी ती रद्दीच होती.

प्रस्तुत निबंधाचा विषय असेच एक बाड आहे. ते कागदाचे नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दिल्लीच्या पालिका बाजारात, लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केटात आणि करोल बागेतील गफ्फार मार्केटात जी प्लास्टिकची चौकोनी ‘कॅसेट’ विकली जाई, तिच्याविषयी हे लेखन आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या खेळयंत्रात ती वरून खोचली की पटलावर खेळांची यादी उमटे. वेष्टनावर ‘६४ इन १’ पासून ‘९९९९९९९ इन १’ पर्यंत कोणताही आकडा असे. प्रत्यक्षात वेगळे खेळ थोडेच असत आणि तेच पुढे पुन्हा पुन्हा येत. या संग्रहात काय होते, ते येथे कसे आले, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे, हे तीन प्रश्न या निबंधात विचारात घेतले आहेत.

२.

पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. १९८२ च्या ऑगस्टमध्ये दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. मध्यमवर्गीय घरात रंगीत संच आला तो या निमित्ताने. त्यानंतर वर्षभराच्या आत, जुलै १९८३ मध्ये, जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र विक्रीस आले. त्याचीच अमेरिकी आवृत्ती ‘एन.ई.एस.’ १९८५ मध्ये निघाली. या दोन यंत्रांतील एक तांत्रिक फरक आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. अमेरिकी यंत्रात एक कुलूपवजा चिप बसवलेली होती. कंपनीच्या संमतीवाचून तयार झालेली कॅसेट ती चालू देत नसे. जपानी यंत्रात असे कुलूप नव्हते. अमेरिकी कॅसेटीला ७२ टाचण्या होत्या, जपानी कॅसेटीला ६०. तैवानमधील कारखान्यांनी स्वस्त प्रतिकृती तयार केल्या त्या स्वाभाविकच या बिनकुलपाच्या, ६० टाचण्यांच्या यंत्राच्या.

भारतात नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘समुराई’ या नावाने निन्टेन्डोचे यंत्र रीतसर परवान्याने विकले गेले. पण सामान्य घरात जे पोहोचले ते बहुतांशी प्रतिकृतियंत्र. दुकानदार त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि बदलत्या खेळपेटीला ‘कॅसेट’. गाण्यांच्या फितीमुळे हा शब्द आधीच घरात रुळलेला होता. या खेळपेटीत फीत नसते, असते ती फक्त चिप, याची कोणाला फिकीर नव्हती. नव्या वस्तूला जुन्या शेजाऱ्याचे नाव देण्याची ही रीत भाषाभ्यासकाला ओळखीची आहे.

दिल्लीच्या या बाजारांकडे विद्यापीठीय लक्ष गेले ते विकासशील समाज अध्ययन पीठात २००० साली सुरू झालेल्या ‘सराय’ उपक्रमामुळे. रवी सुंदरम यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात या शहराच्या प्रतिकृति-संस्कृतीचे विवेचन केले आणि पालिका बाजारासारख्या ठिकाणांना आधुनिकतेच्या इतिहासात स्थान मिळवून दिले. तरी त्या विवेचनाचा भर आहे तो अभिसरणावर : वस्तू कशी फिरते, कायदा कोठे हरतो, शहर कसे बदलते. त्या वस्तूत लिहिलेले काय होते, हा प्रश्न मागे राहिला. साहित्याचा अभ्यासक तेथून पुढे जाऊ शकतो.

३.

या कॅसेटीतील खेळांची यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या खेळांच्या इतिहासांत जी नावे अग्रस्थानी आहेत, त्यांपैकी ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ येथेही आहेत. परंतु ‘बॅटल सिटी’, ‘सर्कस चार्ली’, ‘रोड फायटर’, ‘बायनरी लँड’, ‘नट्स अँड मिल्क’ ही नावे येथे घरोघरी पोहोचलेली असताना त्या इतिहासांत कोठेतरी तळटीपेत सापडतात. कारण उघड आहे. यांतील बरेच खेळ जपानी यंत्रासाठी निघाले आणि अमेरिकी यंत्रावर त्या काळी आलेच नाहीत. ज्या देशांत प्रतिकृतियंत्रे गेली, तेथे मात्र तेच अभिजात ठरले. रशियात ‘डेंडी’ या नावाने १९९२ पासून, पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने, आणि चीनमध्ये व भारतात अनेक नावांनी तीच यंत्रे व तेच खेळ पोहोचले.

पास्काल काझानोव्हा यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘साहित्याच्या जागतिक प्रजासत्ताका’ची राजधानी पॅरिस आहे. एखादी कृती जागतिक ठरते ती त्या राजधानीने मान्यता दिल्यावर. येथे मात्र वेगळेच चित्र दिसते. टोकियोत रचलेली कृती तैवानमध्ये नकलली जाते आणि न्यूयॉर्कला वळसा घालून मॉस्को, वॉर्सा व दिल्ली येथे एकाच वेळी वाचली जाते. या तीन शहरांतील त्या पिढीच्या माणसांना एकमेकांची भाषा येत नाही. पण चार विटांच्या आड बसलेल्या गरुडाचे रक्षण कसे करायचे, हे तिघांनाही ठाऊक आहे. डेव्हिड डॅमरॉश यांनी २००३ मध्ये जागतिक साहित्याची व्याख्या उगमसंस्कृतीच्या पलीकडे फिरणाऱ्या कृती अशी केली. त्या व्याख्येत हा संग्रह चपखल बसतो. बसत नाही तो फक्त केंद्राच्या कल्पनेत.

४.

संग्रहातील तीन खेळांकडे जरा बारकाईने पाहू.

पहिला ‘बॅटल सिटी’, नाम्को कंपनीचा, १९८५ चा. आपल्याकडे त्याला कोणी या नावाने ओळखत नसे, तो ‘टँक’च. पस्तीस टप्पे, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे आणि तळाशी रक्षणीय गरुडचिन्ह. दोघांनी एकाच बाजूने खेळावे अशी त्याची रचना होती. एकाच संचासमोर बसलेली भावंडे येथे प्रतिस्पर्धी नसून भिडू होती, आणि चुकून एकमेकांवर झाडलेली गोळी दुसऱ्याला काही क्षण खिळवून ठेवी. पण या खेळातील सर्वांत विचारार्ह भाग वेगळाच आहे. विटा, पोलाद, पाणी, झाडी मांडून स्वतःचे रणांगण रचण्याची सोय त्यात होती. यंत्र बंद केले की ही रचना पुसली जाई, कारण कॅसेटीत ती साठवायला जागा नव्हती. चांगले रणांगण स्मरणात ठेवावे लागे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावे लागे, मित्राला सांगावे लागे. लेखनाच्या यंत्रात मौखिक परंपरेचे असे एक दालन उघडे राहिले होते. खेळणाराच येथे रचनाकार झाला आणि त्याची रचना पाठांतरावर जगली.

दुसरा ‘सर्कस चार्ली’. कोनामी कंपनीने १९८४ मध्ये तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला. घरगुती आवृत्ती १९८६ ची. सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उडी, तारेवरची कसरत, मोठ्या चेंडूंवरचा तोल, घोडा, झोपाळे हे त्यातील प्रयोग. मराठी वाचकाला येथे विष्णुपंत छत्र्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८० मध्ये त्यांनी उभारलेल्या सर्कशीपासून भारतीय सर्कशीचा इतिहास सुरू होतो आणि तिचा आरंभीचा भाग मराठी माणसांनी घडवला आहे. खेळातील सिंह दिल्लीच्या घरात आला त्याच दशकात तंबूतील सिंह निरोप घेत होता. सिंह, वाघ, अस्वल, माकड यांच्या प्रयोगांवर बंदी घालणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९८ ची. सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ मध्ये ग्राह्य ठरवली. परिणामी एका पिढीला सिंहाची सर्कस प्रथम आणि बहुधा अखेरची भेटली ती या पटलावर. कलाप्रकार मावळताना त्याची आकृती दुसऱ्या माध्यमात उतरते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

तिसरा ‘बायनरी लँड’, हडसन कंपनीचा, १९८५ चा. दोन पेंग्विन, मध्ये भिंत. एक कळ दाबली की दोघेही चालतात. पण एक डावीकडे गेला की दुसरा आरशातल्यासारखा उजवीकडे जातो. दोघांना एकाच वेळी वरच्या हृदयचिन्हापर्यंत न्यायचे असते. एकाला वाट मिळते तेव्हा दुसरा भिंतीशी अडतो, आणि त्या अडण्यातूनच दोघांमधील अंतर जुळवून घ्यावे लागते. विरहाची ही मांडणी शब्दांत नाही, वर्णनात नाही. ती नियमात आहे. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये अशा संहितांचा विचार मांडला की ज्या पार करण्यासाठी वाचकाला प्रत्यक्ष श्रम करावे लागतात. ‘बायनरी लँड’ मध्ये अर्थ त्या श्रमातच साठवलेला आहे.

आपल्या परंपरेला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. मोक्षपटाच्या सोंगट्या सद्गुणाच्या शिडीने चढतात आणि दुर्गुणाच्या सापाने उतरतात. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले असले, तरी उपलब्ध पट पुष्कळ नंतरच्या शतकांतले आहेत. कर्तृत्वाचा वाद बाजूला ठेवला तरी तत्त्वविचार नियमांत गुंफून खेळवता येतो, हे मराठी मनाला पूर्वीपासून ठाऊक होते एवढे निश्चित. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’कडे आपण मराठीच्या प्राचीन खुणा शोधण्यासाठी जातो, त्याच ग्रंथात क्रीडांनाही स्वतंत्र विभाग आहे, हे सहसा विसरतो.

५.

या संग्रहाची पाठचिकित्साही करता येते, आणि करायला हवी. कॅसेट उघडली तर आत बहुधा चिप दिसत नाही. लाखेसारख्या काळ्या थेंबाखाली ती झाकलेली असते. तीवर नाव नाही, तारीख नाही. पटलावरील शीर्षकातून मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष पुष्कळदा पुसलेले असते. म्हणजे पुष्पिकाच कापलेली. शिवाय यादीत एकाच खेळाच्या अनेक नोंदी येतात : एक पहिल्या टप्प्यापासून सुरू होणारी, दुसरी चौथ्यापासून, तिसरी वाढीव जीव दिलेली. विक्रेत्याच्या दृष्टीने हा आकडा फुगवण्याचा मार्ग. संपादकाच्या दृष्टीने हे पाठभेद. ज्या मुलाने ‘कॉन्ट्रा’ची वाढीव जीवांची प्रत खेळली त्याला तो खेळ सुगम वाटला, ज्याने मूळ प्रत खेळली त्याला तो दुर्गम. दोघांच्या आठवणीतील कृती एकच नाही.

‘कॉन्ट्रा’चे उदाहरण आणखी पुढे नेता येते. १९८८ च्या जपानी प्रतीत आरंभी कथानक आहे, टप्प्यांमध्ये नकाशा आहे आणि पार्श्वभूमी हलती आहे. अमेरिकी प्रतीत हे सारे गळाले. युरोपात १९९० मध्ये ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने निघालेल्या प्रतीत माणसांच्या जागी यंत्रमानव आले. या तीन शाखा आहेत, आणि हाती आलेली कॅसेट कोणत्या शाखेची हे नकाशाच्या असण्यानसण्यावरून पडताळता येते. हस्तलिखितांच्या कुळांचा शोध घेणाऱ्याला ही पद्धत नव्याने शिकावी लागणार नाही.

आणखी एक पाठभेद यंत्राने निर्माण केलेला आहे. जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला साठ चित्रांची, भारतीय पाल पद्धती पन्नासाची. ‘पाल’साठी बनलेल्या प्रतिकृतियंत्रांवर जपानी गतीचा खेळ साधारण एकषष्ठांशाने मंदावे. संगीतही त्याच यंत्राच्या घड्याळावर चालत असल्याने बहुधा त्याचीही लय उतरे. विलंबित झालेला हा ‘मारिओ’ ज्यांनी बालपणी ऐकला, त्यांना मूळ जपानी गती आज घाईची वाटते. भाषांतरात छंद बदलावा तसे हे झाले आणि भाषांतर करणारे कोणी नव्हतेच.

६.

येथवरचा संग्रह परकीय रचनेचा आणि देशी ग्रहणाचा. याच्या उलट दिशेचा प्रयत्न २००९ मध्ये झाला. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन २’ या यंत्रासाठी हैदराबादेत दोन खेळ तयार झाले. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा ऑरोना टेक्नॉलॉजीजचा, ‘देसी अड्डा : गेम्स ऑफ इंडिया’ हा गेमशास्त्र कंपनीचा. मुंबईच्या ट्राइन संस्थेचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ पाठोपाठ आला. त्या यंत्राचे उत्पादनच २०१३ च्या आरंभी थांबले. देशी कन्सोल-खेळांचे हे पर्व जेमतेम चार-पाच वर्षांचे ठरले आणि तितक्याच लवकर विस्मरणात गेले.

‘हनुमान’वर परदेशस्थ हिंदू संघटनेकडून आक्षेप घेतला गेला : कळ दाबून देवतेला हलवणे हे अवमूल्यन आहे. हा आक्षेप मान्य करा अथवा नका करू, पण त्यातील साहित्यशास्त्रीय प्रश्न खरा आहे. दशावतारात आणि ललितात माणूस देवाचे सोंग घेतो. तो देव ‘होतो’. पटलावरील हनुमान खेळणारा होत नाही, त्याला चालवतो. सोंग घेणे आणि चालवणे यांतील हा भेद आपल्या नाट्यविचारात कळसूत्री बाहुल्यांच्या संदर्भात तेवढा येऊन गेला आहे. तो नव्याने मांडण्याची संधी या दुर्लक्षित तबकडीने दिली होती.

‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, गिल्ली-डंडा, पतंग, गोट्या आणि जल्लीकट्टू असे पाच खेळ आहेत. अखिल भारतीय संग्रह म्हटला की नावांची निवड करावी लागते आणि प्रत्येक निवडीत काही गळते. हुतूतूची कबड्डी झाली ती मात्र या तबकडीपूर्वी फार आधी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय खेळांचे प्रात्यक्षिक घडवले, १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धांत ती प्रदर्शनीय खेळ म्हणून आली, आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली. विटीदांडूची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. मराठी मुले त्यात ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत आली. ही गणना मराठी नाही. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ यांच्याशी तिचे नाते उघड आहे. एका भाषेच्या मुलांनी दुसऱ्या भाषेचे आकडे अर्थ न कळता शतकानुशतके जिभेवर वागवले. खेळ हे भाषांच्या देवाणघेवाणीचे किती जुने आणि चिवट साधन आहे, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल. त्या खेळाची पटलावरची आवृत्ती तेलुगूभाषक प्रदेशाच्या राजधानीतच घडावी, हा योगायोग तौलनिक अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये.

७.

मग हे सारे आज कोठे आहे? येथे प्रश्न केवळ आस्थेचा उरत नाही.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत झाला. कायद्याच्या दृष्टीने ‘बायनरी लँड’ची आज्ञावली आणि एखादी कादंबरी एकाच कलमाखाली येतात. दुसरीकडे १९५४ च्या ग्रंथवितरण कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई व चेन्नई येथील ग्रंथालये आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांच्याकडे जायला हव्यात; तो कायदा पुस्तके आणि वृत्तपत्र-नियतकालिके यांपुरताच आहे. म्हणजे मालकी ठरवताना जी साहित्यकृती, ती जतनाच्या वेळी पुस्तक नाही. चित्रपटाला निदान १९६४ मध्ये पुण्यात संग्रहालय मिळाले. ‘देसी अड्डा’ची प्रत ठेवण्याचे कर्तव्य कोणाचेच नाही.

याहून बिकट अडचण २०१२ च्या दुरुस्तीत आहे. सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा तिने दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘अ-डिजिटल’ प्रत आधी असली पाहिजे. पुस्तकाच्या बाबतीत ही अट समंजस आहे. खेळाची अ-डिजिटल प्रत मात्र कधी अस्तित्वातच नव्हती. सदिच्छेने उघडलेल्या या दारातून जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, तिला तेवढा प्रवेश नाही. त्याच दुरुस्तीने आलेले ६५-अ कलम तांत्रिक कुलपे हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याला शिक्षा सांगते. कायद्याने मना न केलेल्या प्रयोजनांना त्यात अपवाद आहे खरा. परंतु त्या अपवादाच्या भरवशावर एखादे ग्रंथालय पुढे येईल अशी अपेक्षा धरणे कठीण. आणि दरम्यान वस्तू थांबत नाही. कॅसेटीच्या टाचण्या गंजतात. ती चालेना की तोंडाने फुंकर घालायची सवय सर्वांनाच होती, त्या ओलाव्याने गंज वाढतच असणार. तबकड्या ओरखडतात. घर बदलताना यंत्र भंगारात जाते.

यावर उपाय मोठ्या निधीचाच असला पाहिजे असे नाही. वर्णनात्मक सूचीला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. हस्तलिखितांची सूची करताना आपण आकार, पत्रसंख्या, आरंभ, अंत, पुष्पिका आणि प्राप्तिस्थान नोंदवतो. तशीच कॅसेटीची नोंद करता येईल : वेष्टनावरील आकडा, यादीतील एकूण नावे व त्यांतील वेगळे खेळ, शीर्षकपटलावरील फेरफार, पाठभेद, आणि ती कोठून घेतली याविषयी मालकाचे निवेदन. त्या निवेदनाबरोबर खेळताना वापरात असलेले शब्दही टिपावेत. ‘राज्य’, ‘डाव’, ‘भिडू’, ‘बाद’ हे अंगणातले शब्द संचासमोरच्या बैठकीत कोणत्या घरात टिकले आणि दिल्लीच्या मराठी कुटुंबांत त्यांची जागा हिंदीतल्या कोणत्या शब्दांनी घेतली, हे सांगणारी माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. ती सांगू शकतात तोवर विचारले पाहिजे.

देवांनी बाडे जमवली तेव्हा त्यांतील प्रत्येक पान थोर वाङ्मयाचे होते असे नाही. औषधाचा पाठ आणि उधारीचा आकडाही त्यांनी टाकून दिला नाही, म्हणून आज आपल्याला त्या काळाचे घर दिसते. पालिका बाजारातील कॅसेटीत एका पिढीच्या घराचे एक दालन आहे. तिचे मोल काय, हे पुढचे अभ्यासक ठरवतील; ठरवण्यासाठी ती त्यांच्या हाती असावी, इतकी तजवीज आपल्या पिढीने करायची आहे.